मिरवेल माडावर चढतो, पण घोस धरत नाही

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. श्रीवर्धनजवळच्या गावी घरामागे माडांची वाडी आहे. त्यातल्या चार माडांवर आपण सहा वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून आणलेले मिरीचे वेल चढवले. वेल आता वीस-पंचवीस फूट उंच गेले आहेत, पाने गर्द हिरवी आणि तुकतुकीत आहेत, पण आजवर मूठभरही मिरी हाती लागलेली नाही. आपण मुंबईला असता, वर्षातून तीन-चार खेपा गावी होतात आणि उन्हाळ्यात शेजारी पंपाने पाणी सोडतात. वेल नर आहेत, ते उपटून टाका, असे शेजाऱ्यांचे म्हणणे आहे. आणि आपल्याला विचारायचे आहे ते हे, की कोणते खत घातले म्हणजे मिरी धरेल.

खताचे मी शेवटी सांगते, कारण आपली अडचण खताची आहे असे मला वाटत नाही. जो वेल सहा वर्षांत पंचवीस फूट चढला आणि ज्याची पाने गर्द आहेत, तो उपाशी खचित नाही. वेल वाढतो आहे, फक्त ज्या फांद्यांवर मिरी येते त्या फांद्या तो काढत नाही, किंवा काढतो त्या अंधारात काढतो, असा माझा पहिला अंदाज आहे. मी सावंतवाडी तालुक्यातल्या आमच्या वाडीत सत्तावीस वर्षे मिरी करते आहे. सासऱ्यांनी लावलेले काही वेल अजून धरतात, आणि मी स्वतः लावलेल्यांपैकी काही कधीच धरले नाहीत. त्यामुळे पुढे लिहिते त्यातले बरेचसे माझ्या चुकांतून आलेले आहे. आपली वाडी मी पाहिलेली नाही. माडांचे वय, वेलाची जात आणि रोप कोणत्या फुटव्यापासून केले होते, या तीन गोष्टींवर उत्तर बदलू शकते, हे आधीच सांगून ठेवते.

प्रथम वेलाच्या अंगाची ओळख करून घेऊ, कारण ती नसली तर पुढचे सगळे सांगणे हवेत राहील. मिरवेलाचा जो मुख्य फुटवा झाडाला चिकटून सरळ वर जातो, त्याच्या प्रत्येक पेराला आखूड मुळ्या फुटतात आणि त्या मुळ्यांनी तो खोडाची साल धरून ठेवतो. या फुटव्यावर घोस येत नाहीत. घोस येतात ते पेरातून आडव्या निघालेल्या फांद्यांवर. या आडव्या फांद्या ओळखायला सोप्या आहेत: त्यांच्या पेरांना मुळ्या नसतात, त्या झाडापासून दूर, बाहेर उजेडाकडे झुकतात, त्यांची पेरे जवळजवळ असतात आणि प्रत्येक पेरावर पानाच्या बरोबर समोरच्या बाजूने घोस लोंबतो. तिसरा प्रकार म्हणजे बुंध्यापासून निघून जमिनीवर सरपटत जाणारे लांब फुटवे. रोपे करायची ती यांच्यापासून. चौथा प्रकार म्हणजे वर चढलेल्या वेलाचे आधार न सापडल्यामुळे खाली लोंबणारे फुटवे. ते दिसायला सरपटणाऱ्या फुटव्यांसारखेच असतात, हाताशी येतात, कापायला सोपे असतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

लोंबत्या फुटव्यांपासून केलेली रोपे जोमाने वाढतात, पण धरायला फार उशीर करतात आणि आडव्या फांद्याही कमी काढतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका रोपवाटिकेतून चाळीस रोपे आणली होती. पिशव्या भरलेल्या, पाने मोठी, एकेका रोपाला दोन-दोन फुटवे. मी खूश होते. चौथ्या वर्षी शेजारच्या जुन्या वेलांवर घोसांची दाटी होती आणि माझे चाळीस वेल नुसते हिरव्या खांबांसारखे उभे होते. पुढे ती रोपे कशी केली होती याची चौकशी केली, तेव्हा कळले की सरपटणारे फुटवे संपल्यावर त्यांनी लोंबणारे फुटवे कापून पिशव्या भरल्या होत्या. लबाडी म्हणावी तर तसेही नव्हते. कापणाऱ्या गड्याला दोन्हींतला फरक कुणी सांगितलाच नव्हता. त्या चाळिसांपैकी निम्म्याअधिक वेलांना मी पुढे वळणावर आणले, ते कसे हे खाली सांगते.

म्हणून पुढच्या खेपेला गावी गेलात की वेलाच्या शेंड्याकडे पाहू नका. जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंतचा वेल नीट न्याहाळा आणि प्रत्येक पेरातून आडवी फांदी निघाली आहे का ते मोजा. चांगल्या धरत्या वेलावर पहिल्या दोन-तीन फुटांनंतर जवळजवळ प्रत्येक पेराला आडवी फांदी असते, आणि लांबून पाहिले तर झाडाला हिरवा, झुबकेदार अंगरखा घातल्यासारखा दिसतो. जो वेल खोडाला पट्टीसारखा चिकटलेला आहे आणि ज्याची पाने मुख्य फुटव्यालाच आहेत, त्याने अजून फळाची फांदीच काढलेली नाही. त्याला खत घातले तर तो तिसाव्या फुटावर जाईल, एवढेच.

आता उजेड. मिरी सावलीचे पीक आहे असे सरसकट सांगितले जाते आणि त्यामुळे पुष्कळ वेल वाया जातात. मिरीला कडक ऊन सोसत नाही हे खरे; विशेषतः पश्चिमेचे उन्हाळी ऊन थेट वेलावर आले तर पाने करपतात, म्हणूनच आधाराच्या झाडाच्या उत्तरेला किंवा पूर्वेला वेल लावण्याची रीत आहे. पण गाळीव उजेड आणि दाट सावली यांत मोठा फरक आहे. दाट सावलीत आडव्या फांद्या कमी निघतात, घोस आले तरी त्यांत पुंकेसर असलेली फुले कमी होतात, आणि घोस बारीक दाण्यांनिशी गळून पडतात. त्यातही जातीजातींत फरक आहे. केरळातल्या पन्नियूर येथील संशोधन केंद्राने काढलेली पन्नियूर-१ ही संकरित जात आपल्याकडे सर्वांत जास्त लावली जाते. तिचे घोस लांब आणि दाणे टपोरे असतात, पण दाट सावली तिला मुळीच मानवत नाही. केरळची जुनी करिमुंडा सावली पुष्कळ सोसते. रोपवाटिकेतून नाव न विचारता आणलेले रोप बहुधा पन्नियूर-१ असते, असा माझा अनुभव आहे, आणि तसे असेल तर उजेडाचा मुद्दा आपल्याकडे दुप्पट महत्त्वाचा ठरतो.

माडांच्या बाबतीत वय पाहावे. लहान माडाच्या झावळ्या जमिनीलगत असतात, आणि साधारण आठ ते पंचवीस वर्षांच्या माडांची झावळी एकमेकींत मिसळून खाली काळोख करते. त्यानंतर माड उंच गेला की उजेड पुन्हा जमिनीपर्यंत येतो. आपले माड घरातल्या वडीलधाऱ्यांनी लावलेले, चाळीस वर्षांचे असतील तर सावलीची चिंता कमी. पंधरा-वीस वर्षांचे असतील तर वेल चुकीच्या वेळी लावला गेला असे समजावे. माझी परीक्षा साधी आहे. दुपारी बाराच्या सुमारास वेलाच्या बुंध्याशी उभे राहून जमिनीवर पाहायचे. जमिनीचा निम्मा भाग उन्हाच्या कवडशांनी भरलेला असेल तर उजेड पुरेसा आहे. कवडसे शोधावे लागत असतील तर तो वेल धरणार नाही. मध्ये आंबा किंवा फणस असेल तर मे महिन्यात त्याच्या खालच्या फांद्या काढाव्यात. माडाच्या मात्र हिरव्या झावळ्या मिरीसाठी तोडू नयेत. नारळ कमी होतील आणि मिरी त्याची भरपाई करणार नाही.

शेजाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, म्हणून ते उडवून लावू नका. जंगलातल्या मिरीत नर वेल आणि मादी वेल वेगवेगळे असतात. लागवडीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या जातींत मात्र बहुतेक फुले उभयलिंगी असतात, आणि फांद्यांपासून केलेले रोप आईवेलासारखेच होते. पाखरांनी खाऊन टाकलेल्या बियांपासून वाडीत आपोआप उगवलेला वेल कसाही निघू शकतो. त्याचा भरवसा नाही. परंतु वेल नर आहे की मादी हे घोस पाहिल्यावाचून कुणालाही सांगता येत नाही. आपण लिहिले आहे की मिरी हाती लागली नाही. घोस येतात आणि गळतात, की घोस मुळी येतच नाहीत, हे लिहिलेले नाही. या दोन अगदी निराळ्या अडचणी आहेत.

घोस येत असतील तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात एक तोडून हातात घ्या आणि भिंगाखाली धरा. कोवळा घोस हिरवट पांढरा, बोटभर लांब, उंदराच्या शेपटीसारखा दिसतो. त्यावर देठाकडून टोकाकडे ओळीने बारीक पांढऱ्या चांदण्या उघडत गेलेल्या दिसतील. त्या मादी भागाच्या. त्यानंतर काही दिवसांनी प्रत्येक चांदणीच्या दोन्ही बाजूंना मोहरीच्या दाण्याहूनही लहान, मलईच्या रंगाचे ठिपके फुटतात, ते पुंकेसर. म्हणजे एकाच दिवशी पाहून निकाल देऊ नये. आठवड्याच्या अंतराने दोन घोस पाहावेत. नुसत्या चांदण्या असतील आणि ठिपके कुठेच नसतील तर फुले मादी आहेत, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा सावली असते. नुसते ठिपके असतील तर शेजारी जिंकले, वेल खुशाल काढा. सत्तावीस वर्षांत माझ्या वाडीत असा वेल एकच निघाला, आणि तोही पाखरांनी लावलेला होता.

परागीभवनाचे काम मिरीत मधमाश्या फारसे करत नाहीत. पावसाचे पाणी वरच्या घोसांवरून खालच्या घोसांवर ठिबकते आणि त्याबरोबर पराग खाली उतरतात. एकाच वेलातल्या एका घोसाचे पराग दुसऱ्यावर पडले तरी दाणा धरतो. म्हणून मिरीचे सगळे गणित पावसाशी बांधलेले आहे. मे-जूनमध्ये वीस दिवसांत साधारण ७० मिलिमीटर पाऊस झाला की वेलाला नवी पालवी फुटते आणि पालवीबरोबर घोस बाहेर पडतात. तेवढा पाऊस आपल्याकडे मृग नक्षत्रातच होतो, त्याची चिंता नाही. चिंता असते ती त्यानंतरच्या उघडिपीची. घोस फुलावर असताना पाऊस सलग काही दिवस दडी मारून बसला तर दाणे विरळ धरतात. अशा वेळी मी संध्याकाळी नळीने वेलावर वरून पाणी मारते, पाऊस पडल्यासारखे. जमिनीत पाणी देऊन हा हेतू साधत नाही.

पाण्याची दुसरी बाजू उन्हाळ्याची आहे, आणि आपल्या प्रकरणात ती मला विशेष महत्त्वाची वाटते. माडाला उन्हाळाभर पाणी हवे असते. मिरीला ते नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत मिळावे आणि एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत तोडावे, अशी केरळात पन्नियूर-१ साठी शिफारस आहे. त्या ताणानंतर पहिल्या पावसात पालवी एकदम आणि भरघोस फुटते. आपले शेजारी सद्भावनेने एप्रिल-मेमध्येही माडाच्या आळ्यात पाणी भरत असतील, आणि वेलाला आपला विसावा कधी मिळतच नसेल. माड आणि मिरी एकाच आळ्यात असतील तर हा तंटा राहणारच. मी तो असा मिटवला आहे: एप्रिलच्या सुरुवातीला माडाच्या आळ्यात आडवा मातीचा वितभर उंच बांध घालते आणि वेलाकडचा भाग कोरडा ठेवते. माड दुसऱ्या बाजूने आपले पाणी घेतो. मुळे सगळीकडे गेलेली असतात, त्यामुळे वेल पूर्ण कोरडा पडत नाही, पण थोडा ताण बसतो तेवढा पुरतो. हे करायचे ते तीन वर्षांवरच्या वेलांसाठी. लहान वेलाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी तोडले तर तो मरतो.

तर आतापर्यंतचे थोडक्यात: घोस मुळीच नसतील आणि छातीच्या उंचीवर आडव्या फांद्याही नसतील, तर दोष रोपाच्या उगमाचा किंवा छाटणी न करण्याचा, फांद्या आहेत पण घोस विरळ किंवा गळणारे आहेत, तर दोष उजेडाचा, आणि त्याखालोखाल पाण्याचा.

आता करायचे काय. चारही वेलांवर एकच उपाय करू नका, ही माझी पहिली विनंती. दोन वेल जसेच्या तसे ठेवून त्यांचा फक्त शेंडा खुडा आणि सावली कमी करा. उरलेले दोन खाली कापा. असे केले म्हणजे दोन वर्षांनी आपल्याला माझ्या सांगण्यावर विसंबून राहावे लागणार नाही, आपल्याच वाडीत उत्तर दिसेल.

ठेवलेल्या दोन वेलांचा शेंडा पंधरा फुटांवर खुडावा. माडावर मिरी याहून उंच नेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. पुस्तकांत वीस फुटांपर्यंत चालते असे म्हटलेले असते, पण पुस्तकाला माडावर चढायचे नसते. वेलाने वेढलेल्या माडावर पाडेली चढायला राजी होत नाही. त्याचा पाय घसरतो, हाताला तांबड्या मुंग्या लागतात, आणि तो वैतागून एक दिवस कोयत्याने वेलच उतरवतो. माझ्याकडे असे दोनदा झाले आहे आणि दोन्ही वेळा चूक माझी होती. तेव्हा वेल माडाच्या एकाच बाजूला ठेवावा आणि दुसरी बाजू चढणाऱ्यासाठी मोकळी सोडावी.

कापायच्या दोन वेलांना मेअखेरीस, पाऊस लागण्याच्या आठवडाभर आधी, जमिनीपासून तीन फुटांवर धारदार कात्रीने कापावे. वरचा वेल लगेच ओढून काढू नये. तो सुकला की आपोआप सुटतो, ओढला तर माडाची साल आणि आपला हात दोन्ही सोलवटतात. कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा घट्ट लेप, लावावी. पावसाबरोबर खालच्या पेरांतून तीन-चार जोमदार फुटवे येतील. ते खोडाभोवती अंतर ठेवून बांधावेत आणि बाकीचे काढून टाकावेत. बांधायला सुंभ किंवा केळीचे सोपट घ्यावे, नायलॉनची दोरी घेऊ नये, कारण वेल जाड होतो तशी ती आत रुतते. फुटवे पाच फुटांवर गेले की प्रत्येकाचा शेंडा पुन्हा खुडावा. शेंडा गेला म्हणजे वेलाचा जोर खालच्या पेरांकडे वळतो आणि आडव्या फांद्या निघू लागतात. माझे ते चाळीस वेल मी याच रीतीने कापले. त्यांतले तेवीस पुढच्या दोन-तीन वर्षांत धरू लागले, अकरा कसेबसे धरतात, सहा शेवटी काढावेच लागले. म्हणजे हा उपाय हमखास नाही, पण नवा वेल लावून तीन-चार वर्षे थांबण्याच्या तुलनेत करून पाहण्यासारखा आहे. कापलेल्या भागापासून नवी रोपे मात्र करू नका. जो वेल अजून धरलेला नाही, त्याची संतती वाढवण्यात काय अर्थ?

नवी रोपे लागतीलच, तर ज्या वेलावर आपण स्वतःच्या डोळ्यांनी घोस पाहिले आहेत अशा सात-आठ वर्षांच्या वेलाचे सरपटणारे फुटवे मागून घ्यावेत. ते पावसाळ्यानंतर जमिनीवर रुजू न देता बुंध्याशी रोवलेल्या काठीला गुंडाळून ठेवायचे, फेब्रुवारी-मार्चमध्ये कापायचे, कोवळा शेंडा आणि निबर बूड टाकून मधल्या भागाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून पिशवीत लावायचे. जूनपर्यंत रोप तयार होते. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल पुरतो, आणि तो माडाच्या बुंध्याला चिकटून नको. बुंध्याशी माडाच्या मुळांची एवढी दाटी असते की लहान रोपाला काही मिळत नाही. मी तीन फूट अंतर ठेवते आणि तिरक्या काठीवरून वेल माडापर्यंत नेते. पोफळीला अंतर दोन फूट चालते. आडव्या फांद्यांपासूनही रोप होते, पण ते चढत नाही, झुडूप बनते. त्याला झुडपी मिरी म्हणतात आणि ती मोठ्या कुंडीत पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून धरते. मुंबईच्या घरी सकाळचे ऊन येणारी खिडकी असेल तर एक कुंडी करून पाहा. हिरव्या मिरीच्या लोणच्यापुरते दाणे मिळतात, आणि घोस कसा फुलतो हे रोज जवळून पाहता येते.

एक धोका न सांगता हे उत्तर संपवता येणार नाही, कारण छाटणी केलेला वेल आणि रायगडचा पाऊस एकत्र आले की तो दाराशी उभा असतो. जलद मर या रोगाची बुरशी जमिनीत असते आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवर येते. पानावर काळपट, ओलसर, झालरीसारख्या कडेचे डाग पडतात; बुरशी बुंध्याला लागली तर दोन-तीन आठवड्यांत उभा वेल पाने ढाळून मोकळा होतो. एका जुलैत माझे अकरा वेल असे गेले, आणि ते सगळे एका ओळीत होते, जिथे पागोळ्यांचे पाणी वळून साचत होते. तेव्हापासून मी पावसाआधी तीन कामे चुकवत नाही: जमिनीला टेकलेले सगळे फुटवे आणि पाने कापते, बुंध्याशी माती उंच करून पाणी वाहून जाईल अशी वाट देते, आणि बोर्डो मिश्रणाची एक फवारणी पाऊस लागण्याच्या तोंडाला, दुसरी ऑगस्टच्या उघडिपीत करते. चार वेलांना दहा लिटर मिश्रण पुरते. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना पाच लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे विरघळवावे आणि तिसऱ्या बादलीत एकाच वेळी ओतून ढवळावे. रंग आकाशासारखा निळा यावा. त्यात लोखंडी सुरीचे पाते मिनिटभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, तो आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

आता खत. दर वेलाला जूनच्या सुरुवातीला दहा किलो कुजलेले शेणखत आणि एक किलो निंबोळी पेंड, बुंध्यापासून फूटभर लांब, मातीत हलके मिसळून. आमची माती आंबट आहे, बहुधा आपलीही असेल, म्हणून एक वर्षाआड एप्रिल-मेमध्ये अर्धा किलो चुना. रासायनिक खत द्यायचे असेल तर वाढलेल्या वेलाला वर्षाला नत्र ५० ग्रॅम, स्फुरद ५० ग्रॅम आणि पालाश १५० ग्रॅम ही केरळातली सर्वसाधारण मात्रा आहे. म्हणजे सुमारे ११० ग्रॅम युरिया, ३१० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २५० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश, जून आणि सप्टेंबर असे दोन हप्त्यांत. यात पालाश नत्राच्या तिप्पट आहे, हे लक्षात घ्यावे. मिरी धरत नाही म्हणून युरियाची मूठ वाढवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांचे वेल फार सुंदर दिसतात.

मिरी धरलीच, तर ती उतरवण्याची वेळ आपल्या खेपांशी जुळवावी लागेल. जून-जुलैत फुललेले घोस डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत तयार होतात. घोसातले एक-दोन दाणे नारिंगी किंवा लाल झाले की सबंध घोस काढायचा. सगळे लाल होण्याची वाट पाहिली तर बुलबुल आपल्याआधी पोहोचतात. दाणे मळून वेगळे करावेत, कापडात बांधून उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवावेत आणि स्वच्छ चटईवर पाच-सहा दिवस उन्हात वाळवावेत. पाण्यात बुडवल्याने रंग एकसारखा काळा येतो आणि वाळणेही लवकर होते. तीन किलो हिरव्या दाण्यांची साधारण एक किलो काळी मिरी होते.

गणपतीला गावी जालच. त्या वेळी माडांचे वय घरात विचारून घ्या, दुपारी बाराला कवडसे पाहा, आणि प्रत्येक वेलाच्या जमिनीपासून पाच फुटांपर्यंतच्या पेरांना किती आडव्या फांद्या आहेत ते मोजून कळवा, म्हणजे चारांपैकी कोणते दोन कापायचे हे मी निश्चित सांगू शकेन. छायाचित्र पाठवाल तर शेंड्याचे नको; छातीच्या उंचीवरच्या एखाद्या पेराचे, पान हाताने बाजूला धरून काढलेले पाठवा.